अमीनाबाईंचा गुडघा

दहाव्या दिवशीही अमीनाबाईंचा गुडघा सत्तर अंशांच्या पुढे वाकेना. कृत्रिम गुडघा बसवल्यावर पहिले काही आठवडेच हातात असतात. तेवढ्यात तो निदान नव्वदपर्यंत वाकला नाही, तर आखडूनच राहतो. मग जिना चढणं अवघड, खुर्चीतून उठणंही अवघड. मी फिजिओथेरपिस्ट, म्हणजे जबाबदारी माझी.

बाई सुदानच्या, नवऱ्याबरोबर हैदराबादला आलेल्या. दोघांनाही अरबीशिवाय भाषा नाही. हॉस्पिटलचे दुभाषे जाफरभाई आखातात पंधरा वर्षं राहून आलेले. बाई तावातावाने पाच मिनिटं बोलायच्या आणि जाफरभाई सांगायचे, "दर्द होरा बोलरे मॅडम."

"बस, इतनाच? कित्ती देर से बोलरे उनो!"

"बस, उतनाच."

मला काही हे पटेना. तारनाक्याला आमच्या वरच्या मजल्यावर एक सुदानी विद्यार्थी भाड्याने राहायचा. त्याला वॉर्डात घेऊन गेले. त्याच्याशी बोलता बोलता बाई रडायलाच लागल्या. त्याने मला इंग्रजीत सांगितलं, "त्या म्हणतात, घरी मी रोज सकाळी एकटी बाजारात जाते, माझा पाव मी निवडून आणते. इथे घोटभर पाणी हवं तरी हातवारे करायचे. भिंतीपर्यंत चालायचं आणि परत यायचं. कशासाठी चालू? पहिल्या दिवसापासून सांगतेय, मला एकदा रस्त्यावर जाऊ द्या."

जाफरभाई खजील झाले. "शिकायत कैसा बोलूँ मॅडम? आप लोगां इत्ती मेहनत करते. मेरे मुँह से अच्छा लगता क्या?"

हैदराबादी अदब! त्यापायी दहा दिवस पाण्यात गेले. मला भयंकर राग आला, पण नुसता त्यांच्यावर कसा काढू? मीही रोज बाईंकडे न बघता जाफरभाईंकडेच बघून प्रश्न विचारत होते.

त्याच संध्याकाळी वॉकर देऊन बाईंना समोरच्या बेकरीत नेलं. त्यांनी तीन पाव दाबून बघितले, नाक मुरडलं आणि चौथा घेतला. मी मध्ये तोंड घातलं नाही. चार दिवस आम्ही रोज गेलो. गुडघा पंच्याऐंशीवर आला.

पाचव्या दिवशी सिक्युरिटीने गेटवर अडवलं. मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं.

"फॉरेन पेशंट रोड पे गिरे तो कौन जिम्मेदार?"

"मैं."

"लिख के देते?"

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी काही न लिहिताच केबिनबाहेर पडले.

दुसऱ्या दिवसापासून अमीनाबाईंनी पलंग सोडला नाही. जाफरभाईंनी विनवलं, नवऱ्याने विनवलं, त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आखडलेल्या, ताठ पायानेच मायदेशी गेल्या. कागदांवर मी 'पेशंटचं सहकार्य नाही' असा शेरा लिहिला. तसंच लिहायची पद्धत आहे.

आता कॉलेजात शिकवायला जाते. मुलांना सांगते, गुडघा मोजण्याआधी पेशंटला विचारा, चालून जायचंय कुठे. आणि पुढे लिहून द्यायची हिंमत नसेल, तर विचारूच नका.