तीन महिने कुणाला सांगायचं नाही

“ठोका दिसत नाही,” सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत डॉक्टरबाई म्हणाल्या. ही तिसरी वेळ. मी पोटावरचं जेल पुसलं, साडी सारखी केली आणि हिंगोलीहून आमच्या गावाकडं, गोरेगावला जाणाऱ्या जीपमध्ये येऊन बसले. शेजारच्या बाईनं विचारलं, “दवाखान्यात काहून गेलतीस?”

“दात दुखून राहिलाय,” मी म्हणाले.

माझ्या दुखण्याला रिकरंट मिसकॅरेज म्हणतात, म्हणजे गर्भ वारंवार पडणं. आमच्या घरी मात्र त्याचं नावच निघत नाही. तीन महिने भरेपर्यंत दिवस गेल्याचं कुणाला सांगायचं नाही, नजर लागते म्हणे. मग जे होतं हेच कुणाला माहीत नाही, ते गेल्याचं सांगायचं कुणाला? नवऱ्याला तेवढं ठाऊक. तो तिसऱ्या दिवशी शेतात हळद काढायला लागला. मीही गेले. थोरल्या जाऊबाईंनी भरलेली टोपली पुढं केली, ती नको तरी काय सांगून म्हणणार? रक्त जात होतं, तरी उचलली. वरून सासूबाईंचं होतंच, “पाळणा कवा हलायचा?”

पुढं डॉक्टरबाईंनी माझ्यासारखं झालेल्या आम्हा काही बायकांना बोलावून घेतलं. क्लिनिकल ट्रायल करायची होती, म्हणजे गर्भ टिकवायचं औषध खरंच लागू पडतं का ते तपासायचं. ती कशी आखावी, हे आम्हालाच विचारायचं होतं. निम्म्या बायकांना औषध. निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळालं, हे डॉक्टरबाईंनाही कळणार नव्हतं.

माझं डोकंच फिरलं. “तीन येळा पोट रिकामं झालेल्या बाईला खोटी गोळी देता?”

त्या चिडल्या नाहीत. “मागच्या खेपेला मी तुम्हाला सुया दिल्या. त्यांचा उपयोग होतो की नाही, मला खरंच माहीत नाही. सगळे देतात म्हणून दिल्या. हे कधीतरी कळायला हवं ना?”

डॉक्टरच्या तोंडून ‘माहीत नाही’ मी पहिल्यांदाच ऐकलं. राग आला आणि बरंही वाटलं. त्या बळावर विचारून टाकलं, ठोका जायच्या आधीही मी शेतात टोपल्या उचलत होते, त्यानं गेलं का?

“नाही. इतक्या लवकर पडणारे बरेच गर्भ मुळातच नीट घडलेले नसतात.”

हे मला आधीच कुणी सांगितलं असतं तर किती रडणं वाचलं असतं.

बायका खोट्या गोळीला भिऊन येणार नाहीत, असं डॉक्टरबाईंना वाटत होतं. मी म्हणाले, “गोळीचं न्हाई हो. पाळी चुकली की लगेच बाईनं ट्रायलला यावं म्हंता. तवा आमी घरात बी बोलत न्हाई. सारखं सारखं जीपनं काय सांगून यावं?”

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. हे त्यांच्या आखणीत नव्हतं.

“आन मधीच गर्भ पडला तर?”

“मग त्या बाईचं ट्रायलमधलं काम संपतं.”

“संपवू नका. पुढं बी बोलवा तिला. घरी कुणीच इचारत न्हाई.”

ट्रायल अजून सुरू व्हायची आहे. माझे मात्र पुन्हा दिवस गेलेत. ठोका दिसलाय. टिकेल का, ते डॉक्टरबाई सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. पण बायांनो, तुमच्यावर ही वेळ आली तर एकीला तरी सांगा. मी दुसऱ्याच महिन्यात जाऊबाईंना सांगितलं. आता नजरेवरून बोलणी बसणार, म्हणून मान खाली घालून उभी होते.

त्या भाजी निवडायच्या थांबल्या. “माझं बी एक गेलंय, तुझ्या लग्नाआदी,” त्या म्हणाल्या. “आजवर कुणालाच बोलले न्हाई.”

आणि त्या रडायला लागल्या. मी त्यांच्याजवळ बसून राहिले.