डोमकळीतली अळी आणि माझी सही

आर्णीच्या सभागृहात रांग लागली होती आणि ती माझ्यासाठी नव्हती.

मी पुढच्या टेबलापाशी फ्लिपचार्ट घेऊन उभी होते. माझ्यासमोर सहा माणसं. त्यातले दोघं पंख्याखाली जागा आहे म्हणून बसलेले. बाकी सगळं सभागृह मागच्या भिंतीपाशी, सुजाताने केलेल्या कापडी कपाशीपुढे. बाया, बाप्ये, सगळे हात पुढे करून आपला नंबर येण्याची वाट पाहत होते. माझं भाषण चाळीस मिनिटांचं होतं. आमच्या केंद्रप्रमुख साहेबांनी ते आदल्या दिवशी दहा मिनिटांवर आणलं होतं.

मी तेव्हा एका शेती-सल्ला केंद्रात कीटकशास्त्राची विषयतज्ज्ञ होते. सोप्या भाषेत सांगायचं तर पिकावर कोणती कीड आली, ती कशी ओळखायची आणि काय करायचं, हे गावोगाव जाऊन सांगण्याचं काम. बोंडअळीची ती वर्षं होती. नवं बियाणं आलं आणि अळी गेली असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मग ती परत आली. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत सरकी खाल्लेली. जिल्हाभर आमची धावपळ सुरू होती.

या अळीची पहिली खूण म्हणजे डोमकळी. अळी कळीत शिरते आणि आतून पाकळ्या धाग्याने शिवून टाकते. ते फूल उमलत नाही, गुलाबाच्या मिटल्या कळीसारखं दिसतं. अशी फुलं वेळीच तोडून नष्ट केली तर पुढची पिढी कमी होते. फवारणीही वाचते. एवढंच सांगायचं असतं. हे एवढंच मी वर्षानुवर्षं सांगत होते आणि शेवटी एक प्रश्न ठरलेला यायचा, "ते जाऊ द्या म्याडम, औषध कोणतं मारू?"

नोकरीला लागले तेव्हा तर तोही प्रश्न माझ्या वाट्याला येत नसे. मी जीपमधून उतरले की लोक माझ्या मागे बघायचे आणि विचारायचे, साहेब नाही आले का? तिथून लोकांनी माझ्याकडे पाहून ऐकायला लागेपर्यंत मला वीस वर्षं लागली. सुजाताला वीस मिनिटं लागली.

सुजाता उमरखेडची. वडील एसटीत कंडक्टर. पोरगी अहमदाबादला डिझाइन शिकत होती आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करायला तीन महिने आमच्या केंद्रात आली होती. तिचं काम काय, हे मला आधी कळेनाच. मग तिने फोनवर जुनी कामं दाखवली. एक लाजाळूची भिंत होती, कागदाच्या हजारो पानांची. जवळ जाऊन मोठ्याने बोललं की पानं मिटायची, गप्प राहिलं की हळूहळू उघडायची. दुसरं एक वारूळ होतं. त्यावर फुंकर घातली की आतून गुणगुण यायची आणि मुंग्यांच्या वाटा उजळायच्या. बघणाऱ्याने हात लावल्याशिवाय, काही केल्याशिवाय ते काम पूर्णच होत नाही, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, छान आहे. मनात म्हटलं, याला पदवी देतात?

आमच्यासाठी तिने कपाशीची रांग केली. सुती कापडाची चाळीस फुलं, प्रत्येकात एक सेन्सर आणि छोटी मोटर. तळहात जवळ नेला की फूल उमलायचं. चाळिसातली तीन मात्र नुसती थरथरायची, उमलायची नाहीत. त्या डोमकळ्या. तुम्ही पाकळ्या हाताने सोडवायच्या, आत वळवळणारी रबरी अळी सापडायची. फूल तोडून डब्यात टाकलं की झाड हिरवं उजळायचं. नाही तोडलं तर एका मिनिटात शेजारची बोंडं एकामागून एक काळी पडायची. म्हातारी माणसंसुद्धा "थांब, थांब, तोडतो" म्हणत धावत होती. मी फ्लिपचार्टचं पान उलटलं. पंख्याखालच्या एकाने जांभई दिली.

खोटं कशाला बोलू, मी जळत होते.

आता सहीची गोष्ट सांगते. केंद्रातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पोस्टरला, पत्रकाला विषयतज्ज्ञाची सही लागायची. "तांत्रिकदृष्ट्या तपासले" असा छापील कागद होता. कामाच्या घाईत आम्ही सगळेच आधी सही करायचो, वाचायचं नंतर. बहुतेक वेळा नंतरही नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सुजाता तो कागद घेऊन आली. म्हणाली, "मॅडम, एकदा येऊन बघता का? मी फोटोंवरून केलंय. अळी नीट जमली का तेवढं सांगा."

पाचच मिनिटांपूर्वी साहेबांनी माझं भाषण कापलं होतं. मी तिथेच, खुर्चीतून न उठता सही ठोकली आणि कागद परत दिला. ती थँक्यू म्हणून गेली.

दुसऱ्या दिवशी सभागृहात गर्दी ओसरल्यावर मी पहिल्यांदा त्या झाडापाशी गेले. हात पुढे केला. फूल थरथरलं, उमललं नाही. पाकळ्या सोडवल्या. आत अळी होती, छान टपोरी, गडद गुलाबी.

चूक मला त्याच क्षणी दिसली. या अळीला गुलाबी म्हणतात खरं, पण ती जन्मतः गुलाबी नसते. लहानपणी पांढुरकी असते, डोकं काळपट. गुलाबी रंग मोठी झाल्यावर चढतो. डोमकळीत आपण शोधायची ती बहुतेक वेळा ही लहान, पांढरीच. पुस्तकांत आणि फोटोंत मात्र मोठीच छापतात, कारण ती दिसते चांगली. सुजाताने फोटो पाहून केलं होतं. बिचारीने मला विचारलंही होतं.

मी पाकळ्या परत मिटवल्या आणि गप्प बसले.

गप्प का बसले, ते आज सांगायला लाज वाटत नाही, तेव्हा वाटायला हवी होती. दहा दिवसांनी, सोमवारी नागपूरहून वरिष्ठ आढाव्याला येणार होते. सगळ्यांसमोर सुजाताचं कौतुक होणार होतं. कौतुक ऐन रंगात आलं की मी उठणार होते आणि सौम्य आवाजात म्हणणार होते, "काम सुंदर आहे सर, फक्त अळी चुकली आहे." ते वाक्य मी घरी भाकऱ्या थापताना दोनदा म्हणून पाहिलं. सही माझीच आहे, हे त्या वाक्यात कुठे बसत नव्हतं, म्हणून तिकडे मी बघितलंच नाही.

मधल्या दिवसांत कापडी कपाशी जीपमधून दारव्ह्याकडच्या गावांत फिरली. रोज फोटो यायचे. मी ते उघडून बघायचे आणि बंद करायचे.

शनिवारी कांताबाई केंद्रात आल्या. दारव्ह्याजवळच्या एका गावच्या, स्वतःची कपाशी स्वतः बघणाऱ्या. मी त्यांना दहा वर्षं ओळखत होते. माझ्या सभेत पुढे बसून शेवटपर्यंत ऐकणाऱ्या मोजक्या बायांपैकी एक. त्यांनी कापडी पिशवीतून मूठभर मिटलेली फुलं काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"म्याडम, आमच्या इकडे डोमकळ्या गंज, ढीगभर निघून राह्यल्या. पण आतली अळी पांढरी हाये. गुलाबी एकबी नाई."

"तोडल्यात ना?" मी विचारलं.

"कायले तोडू? त्या पोरीनं दाखोली ते गुलाबी होती. हे दुसरी असन म्हून राहू देली. गटातल्या साऱ्याजणीले बी म्या तसंच सांगतलं."

गटात बारा जणी होत्या. सुजाताचं प्रदर्शन गावात झाल्यापासून सहा दिवस त्या रोज सकाळी ओळी धरून फिरत होत्या, एकेक मिटलं फूल उघडून बघत होत्या, आणि पांढरी अळी दिसली की समाधानाने पुढे जात होत्या. माझ्या भाषणानंतर असं कुणी कधी फिरलं नव्हतं. चूक माझ्या फ्लिपचार्टमध्ये असती तर काही बिघडलं नसतं, कारण ती कुणी अमलातच आणली नसती.

सुजाता शेजारच्या खोलीत मोटर दुरुस्त करत होती. आवाज ऐकून बाहेर आली. टेबलावरची फुलं, अळ्या बघितल्या आणि तिचा चेहरा उतरला. तिला समजायला मला सांगावं लागलं नाही. तेवढ्यात साहेबही आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि तिच्यावरच घसरले. शिकाऊ माणसाच्या हातात असं काम द्यायलाच नको होतं, प्रदर्शन आजपासून बंद, सोमवारी मी वरिष्ठांना काय सांगू, वगैरे.

"याची तांत्रिक तपासणी झाली होती ना?" त्यांनी तिला विचारलं. "कागद कुठे आहे?"

फाइल तिच्या हातातच होती. ती एकदा माझ्याकडे बघून म्हणाली, "शोधते, सर."

तिने तो कागद सरळ काढून दिला असता तर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. कामाचा ताण, सह्यांचा ढीग, असं काहीही. पण तिने तो काढला नाही.

"कागद आहे तिच्याकडे," मी म्हटलं. "सही माझी आहे. आणि सर, चूक मला पहिल्याच दिवशी आर्णीला दिसली होती."

साहेब माझ्याकडे वळले. "मग बोलल्या का नाहीत?"

"जळत होते, सर."

सरकारी असो की खाजगी, कोणत्याच ऑफिसात या उत्तराला पुढचा प्रश्न नसतो. साहेब केबिनमध्ये गेले. कांताबाई फुलं परत पिशवीत भरायला लागल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग आता तोडाच्या ना म्याडम? सहा दिवस गेले."

आम्ही त्याच दुपारी जीप काढली. शेतात पोहोचल्यावर मी एक डोमकळी उघडली आणि आतली अळी सुजाताच्या तळहातावर ठेवली. तांदळाच्या कणीपेक्षा जरा मोठी. तिने खाली वाकून ती जवळून बघितली. मग तिने विचारलं, "ही पांढरी म्हणजे दुधासारखी नाही ना? जरा पिवळट झाक आहे?" मी म्हटलं, हो, आहे. आमच्यातलं त्या दिवसाचं संभाषण तेवढंच.

बारा जणी आणि आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत आणि दुसरा अख्खा दिवस फुलं तोडत होतो. बरीच सापडली. काही अळ्या तोवर बोंडांत शिरल्या होत्या, त्यांना तोडून उपयोग नव्हता. वेचणीच्या वेळी कांताबाईंच्या वावरातल्या खालच्या अंगाला बोंडं किडकी निघाली, कापूस पिवळा पडलेला. शेजारच्या गावात, जिथे प्रदर्शन गेलंच नव्हतं, तिथे याहून वाईट होतं असं मला एक-दोघांनी धीर द्यायला सांगितलं. त्याने मला धीर आला नाही. तिथलं नुकसान माझ्या गप्प बसण्याने झालं नव्हतं.

मला मेमो मिळाला. तो योग्यच होता. सोमवारच्या आढाव्यात ठरवलेलं वाक्य बोलायची वेळ आली नाही, दुसरंच आणि बरंच लांब बोलावं लागलं. प्रदर्शन बंद करू नका, हे मात्र मी त्यातच सांगितलं, आणि वरिष्ठांनी मानलं.

सुजाताने अळ्या नव्याने केल्या. तीन वयांच्या, कणीएवढ्या पांढरीपासून मोठ्या गुलाबीपर्यंत. प्रत्येक अळी मी भिंगाखाली बघितली. दोन परत केल्या, डोकं पुरेसं काळं नव्हतं. तिने न कुरकुरता पुन्हा केल्या. ती माझ्याशी नीट वागली, पण पूर्वीसारखं "एकदा बघता का मॅडम" म्हणून हसत आली नाही. कागद टेबलावर ठेवायची आणि मी फुलापर्यंत चालत जाईपर्यंत तिथेच उभी राहायची.

पंधरा दिवसांनी कपाशी पुन्हा कांताबाईंच्या गावात लागली. पुन्हा तशीच रांग. मी एका बाजूला उभी होते आणि खरं सांगते, पुन्हा जळतच होते. ते काही मेमोने जात नाही. कांताबाईंचा नंबर आला. त्यांनी हात पुढे केला, फूल थरथरलं. त्यांनी पाकळ्या सोडवल्या आणि बारीक पांढरी अळी बोटांत धरली. मग सुजाताला ओलांडून, रांगेतल्या सगळ्या बायांना ओलांडून, त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"म्याडम, हे पक्की हाये ना? या वक्ती तुमी पाह्यली का?"

सगळी रांग माझ्याकडे बघत होती. लोकांनी आधी मला विचारावं, यासाठी मी अख्खी नोकरी झुरले होते.

"हो," मी म्हटलं. "पाहिली."

निवृत्त होईपर्यंत मग मी एकही सही बसून केली नाही.