रोज उपास करणारे आबा

माझ्यासारख्याने कुणावर लिहावं का, याची मला खात्री नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, लिहिणं तर दूरच. त्यात ज्यांच्याबद्दल लिहितोय, त्या आबांना आपल्याविषयी कुणी चार शब्द बोललेलं खपत नसे. चूकभूल वाचणाऱ्यांनी पोटात घालावी, आणि आबांनीही.

आबांना रोज उपास असे. म्हणजे फक्त बसमध्ये. अनोळखी माणसाने खायला काही पुढे केलं की सोमवारी महादेवाचा, मंगळवारी गणपतीचा, रविवारी सूर्याचा. "नको म्हनं तं माणूस दुखावस आनी तोंड लक्षात ठेवस. उपास म्हनं तं हात जोडस." पण जळगावात ही युक्ती फार वेळ टिकत नाही. इथे निम्म्या बसकडे केळी असतात, आणि "उपासाले केळं चालस ना आबा?" असं म्हणत कुणीतरी फणीच पुढे करतं. म्हणून आबांनी पुढे सगळे उपास निर्जळी केले.

जळगावात माझ्या खोलीला लागून त्यांची खोली होती. पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं, की मी साक्रीकडचा, पहिल्या वर्षाला आहे, खोलीत एकटाच राहतो. आबा माझ्याकडे बघतच राहिले. "बठ्ठं सांगी टाकं? आते कुलूपनी चावी बी दी टाक."

त्यांचा संशय कुणालाही सोडत नसे. मीटर बघायला येणारा महिन्यात दोनदा का आला? नवा दूधवाला माप घालताना घरात का डोकावतो? गल्लीत त्यांना हसत. घरमालक तर मला बाजूला घेऊन म्हणाला, "म्हाताऱ्यापासून जपून राहा. कुठे जातो, काय करतो, देव जाणे." मलाही कधी कधी तसंच वाटे. आबा धुळ्याला निघत ते चुरगळलेल्या सदऱ्यात, हातात भरताच्या वांग्यांची पिशवी घेऊन, लेकीकडे निघालेल्या कोणत्याही बापासारखे. पण त्यांना लेक नव्हती.

मग माझी धुळ्याला जायची वेळ आली. तिथल्या कार्यालयात मूळ कागदपत्रांची पडताळणी होती. ती झाली नसती तर शिष्यवृत्ती नव्हती, आणि शिष्यवृत्ती नसती तर पुढचं वर्षही नव्हतं. मी चकचकीत नवी फाइल आणली होती. आबांनी ती लांबूनच पाहिली. "तुनी फाइल आरोळ्या मारस, मी नवा शे, माले लुटा!" त्यांनी कागद जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळायला लावले आणि एक कळकट कापडी पिशवी दिली. मग दार लावून हळूच म्हणाले, "मी बी त्याच बसमा शे. सराफना दागिना पोचाडानं काम करस मी. वांगासना खाले दुसरानं सोनं शे. तू माले वळखत नही."

मी मान डोलावली. बसमध्ये आबा पुढे बसले, मी मागे. माझ्या शेजारी एक हसतमुख माणूस होता. बोलायला लागला आणि मला थेट आमच्या साक्रीकडच्या हेलातली बोली ऐकू आली. तो आमच्याजवळच्या पिंपळनेरच्या बाजारातले दुकानदार सांगू लागला, आमच्या घाटांची नावं सांगू लागला. शहरात काही महिने वावरलेल्या पोराला आपल्या गावचा हेल ऐकला की कसं होतं, ते सांगता येणार नाही. पारोळ्याला बस थांबली. तो म्हणाला, "भाऊ, तू पानी पी ये. मी शे ना आठे."

मी नळाला तोंड लावलं, तोच माझं नाव स्टँडभर घुमलं. वळून पाहिलं तर आबा! एका हाताने त्यांनी त्या माणसाची कॉलर धरली होती, दुसऱ्या हाताने माझी पिशवी. "धरा रे! पोऱ्याना कागद ली चालना!" माणूस हिसडा देऊन गर्दीत शिरला; पिशवी आबांच्या हातात राहिली. लोक जमले, शाबासकी देऊ लागले. तेवढ्यात कंडक्टर आबांची पिशवी घेऊन खाली आला. ती ते सीटवर टाकून धावले होते.

"बाबा, वांगी इतकी जड?"

सगळे हसले. आबा हसले नाहीत. पिशवीकडे बघणारे डोळे ते मोजत होते.

सोनं पोचलं, माझे कागदही पोचले. पण स्टँडवरची गोष्ट आठवड्याभरात सराफाच्या कानावर गेली. चारचौघांनी ओळखलेला माणूस त्या कामाला चालत नाही. आबांनी खोली सोडली. मी काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, "सोनं पोचनं ना? मंग काय!" कुठे निघाले, ते अर्थातच सांगितलं नाही. वर्षभर मी विचारत राहिलो. कुणालाच पत्ता नव्हता.

परवा माझा भुसावळचा वर्गमित्र सुट्टीवरून परतला. तिकडे एका कापडाच्या दुकानाच्या दारात एक म्हातारे वॉचमन आलेत म्हणे. निळा गणवेश, पितळी बटणं, गळ्यात शिट्टी. रस्त्याच्या पलीकडूनही दिसतात. त्यांनी मित्राच्या बॅगेवर आमच्या कॉलेजचं नाव वाचलं, तरी बॅग उघडायला लावून तळापर्यंत तपासली. मग माझं नाव घेऊन विचारलं, "त्याले शिष्यवृत्ती भेटनी का?"

"भेटली ना! दुसऱ्या वर्षाला आहे तो!" मित्र म्हणाला.

आबांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे.

"चांगलं शे," ते म्हणाले. "पन हाळू बोल."