मयताच्या घरातलं हसू : अमरावती, दर्यापूर, अकोला

एका गाळलेल्या प्रवेशासाठी मी प्रवासाला निघाले.

माझे पती शरद अमरावतीला इंग्रजी शिकवत. शेवटची दोन वर्षं ते आयर्लंडच्या शेतकऱ्यांवरचं एक जुनं नाटक वऱ्हाडीत करत होते. मला नाटकातलं फार कळत नाही, पण हे कळलं. गवत भिजेल म्हणून ती माणसं घाबरतात, आपण सोयाबीनसाठी घाबरतो. शेवटी घरात मयत असतं. शेजारी रात्रभर बसून गेलेल्याचे किस्से सांगतात. त्याची बायकोही एक सांगते आणि हसते.

शरद गेल्यावर अकोल्याच्या मित्रांनी त्या नाटकाचं वाचन ठरवलं. विजयभाऊंनी फोनवर सांगितलं, "वयनी, तो हसायचा प्रवेश काढला." मी म्हटलं, "मी येते," आणि फोन ठेवला.

बडनेऱ्यावरून रेल्वेने अकोला सोपं पडतं. मी मात्र वलगावमार्गे दर्यापूरची बस धरली, कारण बायकोचं काम वाचणाऱ्या सुनंदाबाई दर्यापूरच्या. खिडकीची जागा मिळवा. दोन्हीकडे कपाशी दिसते. दर्यापूरच्या स्टँडवर आलूबोंडा गरम मिळाला. वरची झणझणीत तर्री बेताने घ्या.

पुढे अकोल्याची जीप भरल्याशिवाय हलत नाही. सुनंदाबाई आधीच बसल्या होत्या. मी सरळ विचारलं, तो हसायचा प्रवेश वाचाल का?

"मयतीच्या घरी खिदळाले कसं जमन मले?" त्या म्हणाल्या. "लोक काय म्हनतीन? अन् तुमी समोर बसान!"

मी सहसा घरचं बोलत नाही. त्या दिवशी बोलले. शरद गेले त्या दिवशी आमची चूल बंद, म्हणून शेजारून डबा आला. भेंडी. ती शरदनी जन्मभर टाळली. डबा उघडताच त्यांची म्हातारी मावशी म्हणाली, "सुटला बाप्पा भेंडीतून!" सगळे हसले. मीही. तोंडावर पदर घेतला, म्हणून लोकांना वाटलं मी रडतेय.

सुनंदाबाई हसू दाबत राहिल्या, मग दाबवेना. ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "काय झालं हो काकू?"

"काई नाई. तू जीप काढ. मले वाचाचं हाय."

अकोल्यात विजयभाऊ हळू आवाजात म्हणाले, "तुमच्यासाठीच काढला होता, वयनी."

"मग माझ्यासाठीच वाचा."

शाळेच्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं असतील. तो प्रवेश आला तेव्हा सगळे आधी माझ्याकडे बघू लागले. मी पदर मांडीवरच ठेवला आणि हसले. मग मागून कोणीतरी हसलं, आणि सगळा हॉल हसत सुटला.

चहाला लोक शरदविषयी मोठ्याने बोलू लागले. इतके महिने माझ्यासमोर सगळे कुजबुजत होते. विजयभाऊ म्हणाले, "भाऊ एकदा दर्यापुरात भलत्याच लग्नात घुसला. पोटभर जेवला, आहेर देला, मंग समजलं का आपल्याले बलावलेलं लगन बाजूच्या मांडवात हाय!"

हे मला माहीत नव्हतं.

परतीला मूर्तिजापूरवरून बस घेतली. रस्ता बरा आहे. अंधार पडता पडता घरी पोचले. घर तसंच रिकामं होतं, ते काही बदललं नाही. चहा ठेवताना आठवलं. दर्यापूरच्या त्या लग्नाहून आल्यावर मी विचारलं होतं, नवरी कशी दिसत होती? शरद टॉवेल शोधत म्हणाले होते, "इतकी नटली होती, ओळखूच आली नाही."

चहा उतू गेला. मी हसत होते.