बेबीनंदाचं क्रियापद

बैलाचं शिंग कोपराऐवजी पोटाला लागलं असतं तर? द्वारकाबाईंच्या डोक्यातून हे काही केल्या जाईना. त्यांची लेक बेबीनंदा जाफराबादला गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर होती. तिथली पहिली बाई डॉक्टर. जालन्याच्या मस्तगडातल्या प्रत्येक ओळखीच्या बाईला त्यांनी हे दोनदा तरी सांगितलं होतं. पण लेकीच्या कोपराचं कळल्यापासून धीर सुटला. लेकीला न विचारताच त्यांनी धाकट्या भावाला, अप्पारावांना रडत रडत गळ घातली, "तिला जालन्यात टेबलाचं काम मिळवून दे." अप्पाराव म्हणाले, "सोमवारी भेटतो साहेबांना."

शनिवारी द्वारकाबाई एसटीनं जाफराबादला गेल्या. दवाखान्याच्या अंगणात कडूबाचा बैल दोन गड्यांना आवरत नव्हता. जुवानं खांदा सुजून पू धरला होता, ते गळू फोडायचं होतं. द्वारकाबाईंनी ओसरीचा खांब घट्ट धरला.

"कडूबामामा, बैल नवा दिसतो. कुठून घेतला?" बेबीनंदानं विचारलं.

"कुंभार पिंपळगावच्या फकरोद्दीनकडून. आठ दिस झाले, एक शब्द आइकून न्हाई राह्यला."

"तुम्ही काय म्हणता त्याला?"

"शिव्या देतो, दुसरं काय?"

"त्याला त्या कळत नसतील. दोर ढिला सोडा."

ती बैलाच्या कडेला उभी राहिली. गळ्याखालच्या लोंबत्या कातडीवर हात फिरवत हळू आवाजात बोलू लागली, "बस बेटा, बस. कुच नै होता. हौ, हौ." बैलाचा कान तिच्याकडे वळला. दहा मिनिटं तिचा हात थांबला नाही, तोंडही नाही. मग तिनं गळू फोडलं. बैलानं एकदा पाय आपटला, तेवढंच.

"मंग आता या वयात मी उर्दू शिकू का म्याडम?" कडूबा म्हणाला.

"नाहीतर त्याला मराठी शिकवा. पण शिव्यांपासून सुरुवात नका करू."

गडी हसले.

द्वारकाबाई इंग्रजी घेऊन बीए झालेल्या. कॉलेजात एका जुन्या कवितेत त्यांना एक क्रियापद भेटलं होतं: अकॉय. हात फिरवून, गोड बोलून शांत करणं, भीती घालवणं. सर म्हणाले होते, आता इंग्रजही हे वापरत नाहीत, परीक्षेत येणार नाही, सोडून द्या. त्यांनी मात्र ते वहीत उतरवलं होतं. तीस वर्षांत वापरायची वेळच आली नाही. आज वाक्य आपोआप तयार झालं: बेबीनंदा अकॉइड द बुलॉक. कर्ता, क्रियापद, कर्म, सगळे समोर उभे.

"आई, काय पुटपुटतेस?"

"काही नाही. कोपर दाखव."

कोपरावर हिरवट डाग होता. बेबीनंदा म्हणाली, "तेव्हा माझीच चूक झाली. घाई होती, त्या बैलाशी बोललेच नाही. परत नाही व्हायचं तसं."

तिनं हात धुतले आणि पुढची म्हैस आत बोलावली.

भीती एसटीतून द्वारकाबाईंबरोबर परत आली, सोमवारीही घरातच होती. पण टेबलावरच्या फायलींना चुचकारावं लागत नाही, आणि लेकीचा तो हात फायली उलटण्यात जाणार, हे त्यांना सहन होईना. अप्पाराव साडेनऊला घर सोडत, त्याआधी 'साहेबांना भेटू नकोस' हे सांगायला हवं होतं. आता नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. भाऊ म्हणणार, ताई, रडत आली होतीस ती तूच ना? म्हणू दे. त्यांनी पदराला हात पुसले आणि फोनकडे गेल्या.