पाचव्या खुंटीवरची ओ

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात लिहिणाऱ्याची उलटतपासणी घेत वाचते. आमच्या घरातून देव्हारा आणि भुताखेतांच्या गोष्टी एकाच दिवशी बाहेर पडल्या, त्याही माझ्या जन्माच्या आधी. वडील म्हणत, "जे दिसलं ते आधी नीट पाहा, घाबरायचं मग ठरव." मी मराठी घेऊन एम.ए. केलं, पुढे कविता शिकवल्या. पण कवितेतली सावली आणि अंगणातली सावली यांची गल्लत मी कधी केली नाही. म्हणूनच पुढचं लिहिताना हात अडतो आहे.

ऐंशीच्या दशकातला उन्हाळा. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरापासून वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. वैनगंगेचा एक काठ या जिल्ह्यात आणि दुसरा त्या जिल्ह्यात, याचं गावात अजून हसू होई. आष्टीच्या वरच्या अंगाला नदीकाठी एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण तिथे अजून ओळखीची माणसं राहतात. माझी थोरली बहीण त्या गावात शिक्षिका होती. तिचं बाळंतपण झालं होतं, म्हणून मी मदतीला गेले होते. त्याआधी दोन वर्षं माझं ठरलेलं लग्न मोडलं होतं. तेव्हापासून कुणी काही विचारण्याआधीच उत्तर संपवून टाकण्याची सवय मला जडली होती.

बहिणीच्या खोलीवर टिनाचं छप्पर होतं. अकरा वाजले की खोली भट्टीसारखी तापे. ती आणि बाळ ओल्या चादरीआड झोपली की मी नदीवर जाई. त्या दिवसांत वैनगंगा आकसून पलीकडच्या काठाला बिलगते आणि अलीकडे मैलभर रेती उघडी पडते. आम्ही समुद्र पाहिला नव्हता. आमचा किनारा म्हणजे हीच रेती. ढिवरांनी, म्हणजे नदीवरच्या मासेमाऱ्यांनी, तीत टरबुजांच्या वाड्या लावलेल्या असत. त्यांतल्या गिरजाबाईच्या मांडवात मी बसे. मांडवावर जांभळीच्या फांद्या, खाली ओली रेती, आणि वासात अर्धं टरबूज, अर्धा मासा.

मधुकर तिथेच भेटले. नदीची पातळी मोजणाऱ्या कॅम्पवर ते ज्युनियर इंजिनियर होते; गाव त्यांना 'गेजवाले साहेब' म्हणे. दिवसातून तीनदा ते रेती ओलांडून धारेजवळच्या गेजपर्यंत, म्हणजे पाण्यात रोवलेल्या मोजपट्टीपर्यंत, जात आणि रीडिंग घेऊन येत. बोलणं म्हणजे, "आज दोन बोटं उतरलं." मी म्हणे, "बरं." लहानपण वसतिगृहात गेलेला माणूस, काही मागायचं नाही हे त्यांच्या अंगी मुरलं होतं. मात्र टरबूज कापलं की मधला, बिया नसलेला गर ते माझ्या बाजूला सरकवून ठेवत आणि दुसरीकडे पाहत. एक दिवस गिरजाबाई म्हणाली, "साहेब, मले काऊन नाई देत तो मंधातला? माह्यी तर वाडी हाये!" ते कानापर्यंत लाल झाले. मी छपरातल्या फांद्या मोजू लागले.

आता त्या रेतीवरच्या रीतीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यावरच घडलं. पाणी उतरलं की ढिवर लांब बांबूने रेती चाचपतात आणि धारेपर्यंतच्या घट्ट वाटेवर पळसाच्या खुंट्या रोवतात. त्या वर्षी सात होत्या. खुंट्यांच्या खालच्या अंगाला डोह, आणि डोहाभोवती पाय ओढणारी रेती. भर दुपारी पाचव्या खुंटीपाशी मृगजळ इतकं हलतं की माणूस धड दिसत नाही. म्हणून तिथे थांबून हाक द्यायची. मांडवातून ओ आली तरच पुढे जायचं, नाही आली तर मागे फिरायचं. रोज दुपारी मधुकर हाक देत आणि गिरजाबाई ओ देई. मी कधीच दिली नाही. साऱ्या नदीदेखत त्यांच्या हाकेला ओ देणं म्हणजे काहीतरी कबूल करणं, असं मला वाटे.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी ते म्हणाले, "ट्रान्सफर आली. परवा निघायचं आहे."

मी म्हटलं, "बरं."

ते थोडा वेळ थांबले. मीही थांबले. मग ते गेले. काठ चढताना माझ्या मनात एक वाक्य तयार झालं — तुम्ही गेल्यावर या सगळ्या दुपारी मी कुठे ठेवू? ते मी कागदावर उतरवलं नाही, बहिणीला सांगितलं नाही, ओठांनी हवेतसुद्धा उच्चारलं नाही. एवढं मी आजही शपथेवर सांगेन.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरजाबाईला घराकडे जायचं होतं. "बाई, साहेबाची हाक आली का तुमीच ओ द्याजा. लाजू नोका! मी आलोच थोड्या वेळात."

ती गेली. थोड्याच वेळात काळी छत्री रेतीवर उतरली. ते मांडवावरून गेले, पण थांबले नाहीत. एक, दोन, तीन... पाचवी खुंटी. हाक आली, "हो — ओ!"

मी ओ दिली नाही. आता लिहायला लाज वाटते, पण माझा हिशेब सरळ होता. ओ नाही मिळाली की रीतीप्रमाणे ते मागे फिरतील, मांडवात येतील आणि विचारतील. मग कदाचित मी बोलेन. 'या' म्हणायचं धैर्य नव्हतं, म्हणून मी गप्प राहून त्यांना बोलावत होते.

ते उभे राहिले. छत्री किंचित कलली, जशी ऐकताना मान कलते. आणि ते वळले, पण माझ्याकडे नाही. खालच्या अंगाला. डोहाकडे.

आधी वाटलं, मृगजळात मलाच चुकीचं दिसतं आहे. मी मांडवाबाहेर आले. रेती चपलेतून भाजत होती. छत्री खुंट्यांची ओळ सोडून हळूहळू, अगदी निवांत चालली होती. "साहेब!" मी ओरडले. फरक नाही. पुन्हा ओरडले. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं नाव घेतलं, "मधुकर!"

त्यांनी हात वर केला, 'आलो' म्हणतात तसा. डोहाच्या दिशेने. तिथे कुणीच नव्हतं; नुसती पांढरी रेती आणि वर उकळती हवा.

त्या क्षणी मला कळलं की माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोचतो आहे, पण तो माझ्याकडून येतो आहे असं त्यांना वाटत नाही. मी पुन्हा नाव घेतलं असतं तर ते आणखी घाईने गेले असते. कोल्ह्यांना हाकलायला गिरजाबाईने एक पत्र्याचं डबडं टांगलं होतं. मी ते ओढून काढलं आणि काठीने बडवायला लागले. बडवत खुंट्यांच्या वाटेवरून धावत सुटले. हाताची कातडी सोलली ते संध्याकाळी समजलं.

छत्री थांबली. ते दचकून मागे वळले, आणि वळतानाच गुडघ्यापर्यंत खाली गेले. मग मांड्यांपर्यंत.

"हलू नका!" मी पाचव्या खुंटीपाशी होते, त्यांच्यापासून वीसेक हातांवर. त्यांचा चेहरा आता स्पष्ट दिसत होता. ते माझ्या ओठांकडे बघत होते, घाबरून नव्हे... पडताळून पाहिल्यासारखे.

डबड्याचा आवाज ऐकून गिरजाबाई धावत आली, खांद्यावर तिचा लांब बांबू. तिने तो रेतीवर आडवा टाकला. "साहेब, आडवे व्हा, पोटावर! उभं नोका राहू बाप्पा! बाई, तुमी माह्ये पाय धरा!" ती पोटावर सरकत पुढे गेली, मी तिचे घोटे धरून ओढत राहिले. किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. छत्री मात्र आत गेली.

मांडवात ते दोन लोटे पाणी प्यायले. गिरजाबाई उसळलीच, "तिकडं काऊन गेल्ते? लहान लेकरू हाये का तुमी?"

"ओ आली ना."

"कोनाची?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी ओ दिलीच नव्हती," मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

गिरजाबाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि पदराने हात पुसत म्हणाली, "रेतीवर आवाज इकडचा तिकडं जाते. त्याचं काई नाई. उद्यापासून मीच देईन ओ." पण त्या दिवशी तिने दुपारीच वाडी सोडली, आणि आम्हालाही तिथे थांबू दिलं नाही.

काठ चढताना मी विचारलं, "काय ऐकलंत?"

ते काठाच्या माथ्यावर पोचले. मग दर वेळी रीडिंग सांगत तसे, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मधुकर. तुम्ही गेल्यावर या सगळ्या दुपारी मी कुठे ठेवू?"



त्यांचं जाणं चार दिवस पुढे गेलं. निघण्याआधी ते बहिणीच्या घरी आले, ताईला आणि भाऊजींना रीतसर विचारलं, आणि लग्न ठरलं. इतक्या साध्या रीतीने की ताईला हसू आवरेना. "तुम्ही दोघं एवढे दिवस नदीवर करत काय होता गं?"

लग्नानंतर काही वर्षांनी, घुग्घुसला राहत असताना, मी एकदा धीर करून म्हटलं, "आवाज हुबेहूब माझा होता, म्हणून तुम्ही फसलात. त्यात तुमचा दोष नाही."

ते बूट पुसत होते. हात थांबला नाही. "फसलो नाही. तुम्ही असं कधी बोलणार नाही, हे मला माहीत होतं. ती तुम्ही नाही, हे पहिल्या शब्दालाच कळलं होतं."

"मग?"

"तरी गेलो."

एवढंच. त्यानंतर त्या विषयावर ते बोललेले नाहीत.

मी भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारलं आहे. तापलेल्या हवेच्या थरांतून आवाज वाकतो, हे त्यांनी आकृती काढून समजावलं, आणि मला ते पटतं. आवाज वाकत असेल. पण जे उच्चारलंच नव्हतं, ते कसं वाकेल? उन्हाचा झटका म्हणावा, तर त्याला माझ्या मनातले शब्द जसेच्या तसे कसे सापडले? तो आवाज त्यांना न्यायला आला होता, की मी करायला हवं ते काम करायला आला होता, हेही मला ठरवता आलेलं नाही.

ते वाक्य मी त्यांना अजून म्हटलेलं नाही. इतक्या वर्षांत दोनदा ओठांवर आलं. एकदा त्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, आणि एकदा काही कारण नसताना, जेवताना. दोन्ही वेळा मी नुसता श्वास घेतला होता, शब्द निघाला नव्हता. आणि दोन्ही वेळा ते माझ्यासमोर बसलेले असून त्यांनी मान किंचित कलती केली आणि खिडकीबाहेर पाहिलं.