आत्याबाईनं वावर दिलं

आमच्या आत्याबाईनं आपलं वावर, म्हणजे शेत, माझ्या नावानं करायचं ठरवलं, आणि त्या कामात मी स्वतः जातीनं लक्ष घातलं. म्हणूनच ते आज माझ्या नावावर नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मूलबाळ नाही, यजमान गेलेले. बोथजवळच्या खेड्यात एकटीनं कपाशी पिकवायची. आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले आणि तिनं मला फोन केला.

"आज जिल्हा फोडला, उद्या माह्या वावरातून रेघ मारतीन! जितेपणीच तुह्या नावानं करून देतो. उद्याच ये!"

मी आदिलाबादला सरकारी नोकरीत. त्यामुळे कचेरीतलं सगळं मला कळतं (हा माझाच समज). "बोथ आता निर्मल जिल्ह्यात गेलं," असं मी छातीठोकपणे जाहीर केलं, जीप केली, बायकोला घेतलं, वाटेत आत्याबाईला उचललं आणि थेट निर्मल गाठलं. तिथल्या कारकुनानं मला नीट न्याहाळलं.

"बोथ कहीं नहीं गया, साब. आप ही इधर आ गए!"

"आता उद्या पाहू," मी म्हणालो.

"उद्या काऊन? आजच होते!" आत्याबाई जीपमधून उतरलीच नव्हती.

उलटे फिरलो. आदिलाबादचं रजिस्ट्री ऑफिस आमच्या घरामागच्याच गल्लीत! (बायकोनं जाता जाता बोटानं आपलं घर दाखवलं. ते लागलं.)

बक्षीसपत्र लिहून झालं. नोंदणी करणारे साहेब तेलुगू, आत्याबाईशी हिंदीत बोलले. "अम्मा, मर्जी से दे रहे ना? किसी का प्रेशर तो नहीं?"

"हाय ना साहेब! लय प्रेशर हाय!"

साहेबांचा पेन थांबला. "कबसे?"

"दोन साल झाले. ह्यानंच मले धरून गाडीत घातलं होतं!"

(डॉक्टरकडे न्यायला, हो! पण तेवढं सांगायचं ती विसरली.)

मी मागून खुणा केल्या. मान हलवली, डोळे वटारले, ओठांनी 'नाही म्हण, नाही म्हण' केलं. हे सगळं आत्याबाई सोडून साहेबांनी पाहिलं.

"सर, वो ब्लडप्रेशर..."

"आप बाहर जाइए!"

मी बाकावर. बायको आत. थोड्या वेळानं कागद लिहिणारा धावत बाहेर आला, नवा स्टँप घेऊन परत आत गेला.

"काय झालं?"

"थोडा बदल हाय."

मग मला हाक आली. साक्षीदाराची सही हवी होती. काम अडायला नको म्हणून मी एक अक्षर न वाचता झोकदार सही ठोकली.

बाहेर आल्यावर आत्याबाईनं पदरानं तोंड पुसलं. "साहेबाले तुह्यावर भरोसा नाही येऊन राह्यला. मी म्हणलं, वावर तं मी आजच देतो! मंग सूनबाईच्या नावानं केलं. घरचं घरातच राह्यलं ना!"

"मी नको म्हणत होते," बायको म्हणाली. पण कागदाची गुंडाळी तिनं पोटाशी घट्ट धरली होती.

जीपवाल्यानं मला विचारलं, "मालक, निघायचं काय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या सीटवरून मालकीण म्हणाली, "निघा!"